तांबडे, लाल आणि तीनशे तीस चौकटी

रंगनामांच्या अभ्यासाचा इतिहास ग्लॅडस्टनपासून सांगण्याची प्रथा आहे. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांनी १८५८ साली होमरवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि होमरच्या रंगशब्दांचे दारिद्र्य त्यात दाखवून दिले. होमरचा समुद्र निळा नाही, मद्यासारखा आहे! प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित असावी, हा त्यांचा तर्क मात्र टिकला नाही. शब्द नाही म्हणून रंग दिसत नाही, असे होत नाही.

१९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी वीस भाषांचे भाषक तपासून मांडले की, मूलभूत रंगवर्ग अकरा असून ते भाषेत ठरावीक क्रमाने येतात: आधी काळा-पांढरा, मग तांबडा, त्यानंतर हिरवा-पिवळा, मग निळा. हे भाषक बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारे होते, हा आक्षेप रास्तच होता. म्हणून १९७६ पासून ‘वर्ल्ड कलर सर्व्हे’ झाला. मुख्यतः लेखनपरंपरा नसलेल्या ११० भाषा, ३३० रंगचकत्या, आणि प्रत्येक भाषेचे रंगीत चौकटींचे नकाशे. त्यात भिली आणि मावची आहेत, मराठी नाही. खंत करण्याचे कारण नाही. पण त्या चौकटींत मराठी कशी बसेल, हे पाहण्याजोगे आहे.

‘तांबडा’ आणि ‘लाल’ घ्या. पहिला ताम्रापासून आलेला, दुसरा फारसीकडून. चकती दाखवली तर दोन्ही नावे एकाच चौकटीवर पडतील. पण पहाटे ‘तांबडे फुटते’, ‘लाल’ फुटत नाही. कार्यालयातली फीत, मोर्च्यातला बावटा आणि २०१७ पर्यंत मंत्र्याच्या गाडीवर असायचा तो दिवा लाल, तांबडा नव्हे. माती आणि पहाट जुन्या शब्दाकडे राहिली, कचेरी आणि राजकारण नव्याकडे गेले. शब्दांचा हा इतिहास नकाशात उमटत नाही.

त्याहून बिकट प्रश्न जोडशब्दांचा. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. रान हिरवेगार, चुडा हिरवाकंच. वस्त्र पांढरेशुभ्र, भीतीने चेहरा पांढराफटक. येथे छटेइतकीच वस्तू आणि भावही बोलतात. हे शब्द अकरांच्या यादीत बसत नाहीत, म्हणून त्यांना दुय्यम ठरवणे मला पटत नाही.

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. जांभ्याचा चिरा नवा असताना तांबूस, पावसाळे खाऊन काळपट, वर शेवाळ धरले की शेवाळी. याच दगडाला फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये विटेवरून, ‘लॅटर’ या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटराइट’ म्हटले. आपला ‘विटकरी’ही विटेवरूनच आला. आणि ‘आमसुली’? रातांब्याची साल त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवतात. तांबडी साल दर उन्हागणिक काळवंडत जाते. आमसुली म्हणजे या प्रवासातला नेमका कितवा दिवस, हे ज्याने ती वाळवली त्यालाच विचारावे लागेल. चकतीवर बोट ठेवायला सांगितले तर शेजारच्या दोन घरांतली बोटेही वेगळ्या चौकटींवर जातील.