कोळसा संपत नाही, गिऱ्हाईक संपते

कोळशाच्या धंद्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न हल्ली सर्वत्र विचारला जातो. मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे; जे शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि गावच्या वाचनालयात. म्हणून भाकीत करीत नाही. हा धंदा एकदा बुडाला तेव्हा काय घडले, एवढेच आपणांपुढे मांडतो.

साल 1913. ब्रिटनच्या दक्षिण वेल्समध्ये त्या वर्षी सुमारे 5 कोटी 70 लाख टन कोळसा निघाला. सव्वादोन लाखांहून अधिक माणसे तेथील खाणींत राबत होती. हा कोळसा धूर कमी आणि उष्णता जास्त देणारा. देशोदेशीच्या आगबोटी त्यावर चालत. एकट्या बॅरी बंदरातून 1 कोटी 10 लाख टन माल बाहेर गेला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला सेंगहेनिधच्या खाणीत स्फोट होऊन 439 खाणकामगार मृत्युमुखी पडले. भरभराटीचा हिशेब मांडताना हाही आकडा त्याच वहीत लिहावा लागतो.

हे वैभव ओसरेल असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. जमिनीखाली कोळसा विपुल होता. पण ब्रिटिश आरमार तेलाकडे वळले, पाठोपाठ व्यापारी जहाजेही वळली. महायुद्धानंतर जर्मनीचा कोळसा नुकसानभरपाई म्हणून फ्रान्स व इटलीला मिळू लागला. 1925 साली सरकारने पौंड युद्धापूर्वीच्या भावाने पुन्हा सोन्याशी बांधला आणि ब्रिटिश माल परक्या गिऱ्हाइकाला महाग झाला. मालकांनी यावर तोड काढली ती नेहमीचीच: मजुरी कमी, तास जास्त. कामगारांनी नकार देताच 1926 च्या मे महिन्यात खाणींना टाळे लागले. त्यांच्या पाठिंब्याचा सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला. खाणकामगार मात्र हिवाळ्याच्या तोंडापर्यंत अर्धपोटी झुंजले आणि हरले. दोन महायुद्धांच्या दरम्यान चार लाखांवर माणसांनी वेल्स सोडले. कार्डिफच्या गोदीतून कोळशाचे शेवटचे जहाज 1964 साली सुटले.

1984-85 चा वर्षभराचा संपही खाणी वाचवू शकला नाही. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1994 साली टॉवर ही खाण तोट्याची म्हणून बंद झाली. तेव्हा 239 कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी 8,000 पौंड घातले, खाण विकत घेतली आणि 2008 मध्ये कोळसा संपेपर्यंत चालविली. किल्ल्या हाती आल्यावर कामगाराने धंदा चालवून दाखविला!

आता आजचे पाहू. 1882 साली लंडनमध्ये कोळशाची वीज लोकांना पुरविण्यास आरंभ झाला. 30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनचे असे शेवटचे केंद्र बंद झाले. जगाचा जाळ मात्र विझलेला नाही. 2024 साली सुमारे 880 कोटी टन कोळसा वापरला गेला, त्यातला निम्म्याहून अधिक चीनमध्ये. देशोदेशी विकला गेला तो सुमारे 150 कोटी टन. सर्वांत मोठा विक्रेता इंडोनेशिया, मोठी गिऱ्हाइके चीन आणि भारत. ही दोन्ही गिऱ्हाइके आपापल्या खाणी वाढवीत आहेत. भारताने 2024-25 मध्ये 100 कोटी टनांची मजल ओलांडली. शिवाय दोघेही सूर्यप्रकाशाची वीज झपाट्याने उभारीत आहेत. इंडोनेशियाच्या बंदरात कोळसा चढविणारा कामगार आज कदाचित 1913 च्या बॅरीतच उभा असेल.

आपल्या चंद्रपूरचे वीजकेंद्र 2,920 मेगावॉटचे. ते उद्याच बंद पडेल असे मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक वळते तेव्हा हिशेबनीसाला ते आधी कळते आणि कामगाराला सर्वांत शेवटी. जर्मनीने 2020 साली कायदा करून कोळशाच्या विजेची अखेरची मुदत 2038 ठरविली आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी 4,000 कोटी युरोपर्यंतची तरतूद केली. तारीख आणि तिजोरी, दोन्ही आधी! आपणही हेच मागितले पाहिजे, आणि तेही धुराडे पेटते आहे तोवर. टाळे लागल्यावर केलेली मागणी ही विनवणी ठरते, हे वेल्सने फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे.