लाल उजेडाचे औषध

श्रोतेहो, घरी वापरायचे लाल उजेडाचे दिवे हल्ली बाजारात आले आहेत. काही फळ्यासारखे भिंतीला टांगायचे, काही मुखवट्यासारखे तोंडावर बांधायचे, तर काही पट्ट्यासारखे गुडघ्याला गुंडाळायचे. रोज दहावीस मिनिटे त्यांच्यासमोर बसा, सांधे दुखायचे थांबतील, सुरकुत्या जातील, केस येतील, झोप लागेल, असे त्यांच्याबद्दल सांगतात. ऐकणारा जरा कां कूं करू लागला की हमखास पुढचे वाक्य येते : अहो, या उपचाराला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले आहे!

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण कोणी सन सांगितला की तो पडताळून पाहिल्याशिवाय आम्हा लोकांना चैन पडत नाही. १९०३ सालचे वैद्यकाचे नोबेल नील्स फिन्सेन या डॉक्टरांना मिळाले, आणि ते उजेडाच्या उपचारासाठीच मिळाले, एवढे अगदी खरे आहे. मात्र तो उजेड लाल नव्हता. लाल उजेडावरही फिन्सेन यांनी काम केले होते, पण ती हकीकत वेगळी आहे, आणि तिचा शेवटही वेगळा झाला.

लाल रंगाचा आणि देवीच्या रोगाचा संबंध माणसाने फार पूर्वीपासून जोडलेला आहे. चौदाव्या शतकात जॉन ऑफ गॅडेस्डेन नावाच्या इंग्रज वैद्याने लिहून ठेवले आहे की, राजपुत्राला देवी आल्या तेव्हा आपण त्याला लाल कापडात गुंडाळले, त्याच्या आसपास सारे लाल ठेवले, आणि तो व्रण न राहता बरा झाला. जपानातही देवी आलेल्या मुलाजवळ लाल कपडे आणि लाल खेळणी ठेवण्याची चाल होती. या समजुती कशा उपजल्या याचा पुरता उलगडा आता व्हायचा नाही.

फिन्सेन यांचा जन्म १८६० सालचा. नॉर्वे आणि आइसलँड यांच्यामधल्या समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत, तिथला. त्या मुलखात हिवाळ्यातला दिवस म्हणजे नुसता नावाला दिवस. आपल्याकडे चैत्र-वैशाखात माणूस सावली शोधतो. तिथला माणूस ऊन शोधतो. त्यात फिन्सेन तरुणपणापासून आजारी. यकृताच्या आणि हृदयाच्या विकाराने त्यांना पुढे पुढे चालणेही कठीण झाले. उन्हात बसल्यावर आपल्याला बरे वाटते हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. सावली सरकली की मांजर उठून पुन्हा उन्हात जाऊन बसते, हेही त्यांनी पाहून ठेवले होते. पण अनुभवावर थांबणारा हा माणूस नव्हता. उजेडातला कोणता भाग काय करतो, हे त्यांना वेगळे काढून पाहायचे होते.

१८९३ साली त्यांनी देवीच्या रोग्यांसाठी लाल खोलीची कल्पना मांडली. तिच्यामागचा विचार नीट लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या फोटोग्राफरची अंधारखोली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिथला लाल दिवा आठवेल. लाल उजेडाने फोटोची काच बिघडत नाही. निळ्या-जांभळ्या उजेडाने बिघडते. फिन्सेन यांचे म्हणणे असे की, देवीच्या फोडांना पू धरतो आणि व्रण राहतात ते या निळ्या-जांभळ्या किरणांमुळे. तेव्हा खिडक्यांना लाल काचा किंवा जाड लाल पडदे लावा आणि ते किरण बाहेर ठेवा. म्हणजे लाल उजेडात काही औषधी गुण आहे असे त्यांनी म्हटलेलेच नव्हते. लाल पडदा हा त्यांच्या लेखी पहारेकरी होता, वैद्य नव्हता.

काही ठिकाणी लाल खोल्या झाल्या, आणि आरंभीच्या बातम्या उत्साहाच्या होत्या. पुढे लंडनच्या देवीच्या रुग्णालयांतील दोन डॉक्टरांनी नीट तपासून पाहिले, आणि लाल उजेडाने काही फरक पडत नाही असे १९०४ साली प्रसिद्ध केले. खरे तर देवीवरचा इलाज तेव्हा शंभर वर्षांचा जुना झाला होता. जेनर यांनी इंग्लंडात लस टोचली ती १७९६ साली, आणि आपल्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा देवी टोचल्या. हिंदुस्थानातली ती पहिली लस. पुढे ‘देवी काढणे’ हा आपल्या घरोघरचा शब्दप्रयोग झाला, दंडावरची खूण दोन-तीन पिढ्यांनी मिरवली, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. त्या कामात लाल पडद्याचा वाटा काही नाही.

मग नोबेल कशाचे? ते त्वचेच्या क्षयासाठीच्या उपचाराचे. हा रोग चेहऱ्यावर होई, नाक-ओठ हळूहळू खाऊन टाकी. रोगी मरत नसे, पण लोकांत तोंड दाखवीत नसे. १८९५ साली फिन्सेन यांनी कोपनहेगनमध्ये एका रोग्याच्या चेहऱ्यावर विजेच्या कार्बन-दिव्याचा प्रखर उजेड भिंगांतून एकवटून टाकायला सुरुवात केली. उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून मध्ये पाणी खेळवले, आणि ठरवून निवडले ते निळे, जांभळे आणि त्यापलीकडले किरण, ज्यांना आपण जंबुपार म्हणतो. एका वेळी रुपयाएवढी जागा, तीवर काच दाबून धरणारी एक परिचारिका, आणि असे महिनोन् महिने! १८९६ साली त्यांची संस्था निघाली. तिथे रोग्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवले जात, बरे किती झाले, उलटले किती, याच्या नोंदी होत. राणी अलेक्झांड्रा या डेन्मार्कच्याच लेकी. त्यांनी १९०० साली असा दिवा लंडनच्या रुग्णालयाला दिला.

पारितोषिक मिळाले तेव्हा फिन्सेन आजाराने इतके खंगले होते की ते घ्यायलाही जाऊ शकले नाहीत, आणि १९०४ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. पुढे १९४० नंतरच्या दशकात क्षयावर औषधे निघाली आणि त्यांचे दिवे मागे पडले. गंमत म्हणजे, ते दिवे नेमके कशामुळे गुण देत होते याचा तपास डेन्मार्कच्या संशोधकांनी २००५ साली जुनी उपकरणे काढून पुन्हा केला. तेव्हा निघाले की, फिन्सेन यांना वाटत होते ते सर्वांत आखूड किरण त्यांच्या भिंगांतून आणि गाळण्यांतून पार होतच नव्हते. काम केले ते त्याहून थोड्या लांब लहरींनी. कारण सांगताना मोठा माणूसही थोडा चुकला. पण रोगी बरे झाले होते, आणि त्याच्या नोंदी होत्या.

आता गोष्ट एका मुंबईकराची. दिनशा घडियाळी हे पारशी गृहस्थ १८७३ साली मुंबईत जन्मले. एका ओळखीच्या मुलीचे आतड्याचे दुखणे आपण रंगीत काचेतून पाडलेल्या उजेडाने बरे केले, असे ते सांगत. त्यापूर्वी अमेरिकेत रंगीत काचांचे एक वेड येऊन गेले होते. १८७६ साली प्लेझन्टन नावाच्या सेनाधिकाऱ्याने निळ्या काचेचा महिमा सांगणारे पुस्तक लिहिले होते, १८७८ साली बॅबिट यांनी सगळ्याच रंगांचे शास्त्र मांडले होते. आपल्याकडे रंगीत बाटल्यांत पाणी उन्हात ठेवून ते औषध म्हणून पाजतात, तोही याच जातीचा विचार.

घडियाळी १९११ साली अमेरिकेला गेले आणि १९२० साली त्यांनी ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. यंत्र म्हणजे काय, तर एक पेटी, आत एक मोठा विजेचा दिवा, आणि पुढे सरकवायच्या रंगीत काचा. प्रत्येक रोगाला ठरावीक रंग. रोग्याने उघड्या अंगाने, उत्तरेकडे डोके करून निजायचे, वेळ चंद्रसूर्याच्या गतीवरून काढायची. डॉक्टर नको, दवाखाना नको, सारे घरच्या घरी! हजारो कुटुंबांनी नव्वद डॉलर भरून ते घेतले. तेथील वैद्यक संघटनेने १९२४ सालीच त्याविरुद्ध लिहिले होते, पण पेट्या खपतच राहिल्या.

श्रोतेहो, नुसता पैसा गेला असता तर इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नसती. पण मधुमेहाच्या रोग्यांना त्या पद्धतीत सांगितलेले होते की, इन्सुलिन बंद करा, साखर खा, आणि अमुक रंगाचा उजेड घ्या. इन्सुलिन १९२२ सालापासून रोग्यांना मिळू लागले होते. त्याआधी ज्या मुलांचा मधुमेह म्हणजे मरणाची चिठ्ठी होती, ती मुले जगू लागली होती. त्यांच्या हातातले औषध काढून घेऊन तिथे रंगीत काच दिली गेली. शेवटी सरकारने खटला भरला, आणि १९४७ साली न्यू जर्सी राज्यातील कॅमडेनच्या न्यायालयात घडियाळी दोषी ठरले. वीस हजार डॉलर दंड झाला, पाच वर्षे देखरेखीची शिक्षा झाली. १९६६ साली ते वारले. त्यांचा आपल्या यंत्रावर मनापासून विश्वास असावा असे मला वाटते. ज्यांचे इन्सुलिन सुटले त्यांना त्याचा काय उपयोग?

इतके झाल्यावर लाल उजेडाचा विषय संपायला हवा होता. तो पुन्हा निघाला बुडापेस्टला, आणि अगदी अनपेक्षितपणे. १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर तयार केला. त्याचा किरण माणकाच्या स्फटिकातून निघणारा, अर्थात लाल. हंगेरीतील डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी १९६७ साली उंदरांच्या पाठीचे केस भादरून त्यांवर सौम्य लेसर टाकला. त्या किरणाने कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही. उलट भादरलेल्या जागी केस लौकर उगवले! तिथून ते जखमांकडे वळले, आणि न भरणाऱ्या व्रणांवर त्यांनी बरीच वर्षे प्रयोग केले. लाल उजेडालाच स्वतःचा काही गुण असावा, या आजच्या शास्त्राची सुरुवात इथून धरतात. १९९० नंतर अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी लाल रंगाचे छोटे इलेक्ट्रॉनिक दिवे वापरले, आणि तेच दिवे पुढे जखमांवर तपासले गेले. लेसर महाग, हे दिवे स्वस्त. म्हणून ते घरात आले.

याचे कारण असे सांगतात की, पेशींमध्ये शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्यांतील एक द्रव्य लाल आणि त्यालगतचे न दिसणारे अवरक्त किरण शोषून घेते, आणि पेशीच्या कामाला थोडी चालना मिळते. यावर अजून वाद आहेत. जिथे पुरावा चांगला आहे अशी एक जागा आपल्या मुलखाला फार जवळची आहे. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग झालेल्या रोग्याला किरणोपचार देताना तोंड आतून सोलवटते, घास गिळवत नाही. ते टाळण्यासाठी मोजून लाल उजेड द्यावा, अशी शिफारस या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली काही रोग्यांपुरती केली. तो उजेड शिकलेला माणूस देतो, मात्रा ठरवून देतो. केसांसाठीच्या लेसरच्या फणीला अमेरिकेत २००७ साली विक्रीची मोकळीक मिळाली. सांधेदुखीत कुठे थोडा आराम दिसतो, कुठे दिसत नाही. बाकीच्या लांबलचक यादीचा पुरावा याहून पातळ आहे.

मात्रेची गोष्ट शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. पाणी कमी पडले तरी पीक जाते, जास्त झाले तरी जाते. या उजेडाचेही तसेच दिसते : ठरावीक मर्यादेपलीकडे गुण उलट घटतो. म्हणून दिव्याची तरंगलांबी किती, ताकद किती, अंतर किती, वेळ किती, हे आकडे लागतात. दुकानातला साधा बल्ब लाल रंगाने माखला म्हणून त्याचा हा दिवा होत नाही. खांदा धरला म्हणजे डॉक्टर शेकायला सांगतात तो लाल बल्बही निराळा. तो अवरक्त किरणांच्या उष्णतेचा शेक आहे, आणि ते किरण १८०० साली हर्शेल यांनी शोधले, तेही तापमापक लाल पट्ट्याच्या पलीकडे ठेवून. काविळीने पिवळ्या झालेल्या तान्ह्या बाळाला दवाखान्यात उजेडाखाली ठेवतात, तो तर निळा.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती मुलांच्या डोळ्यांची आहे. चीनमध्ये जवळच्या नजरेचा नंबर वाढू नये म्हणून मुलांनी घरी यंत्रात डोकावून रोज दोनदा, तीन-तीन मिनिटे लाल उजेड पाहायचा, असा उपचार पसरला. नंबर वाढायचा वेग मंदावतो, असे चाचण्यांत दिसलेही होते. पण अशा उपचारानंतर बारा वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. चीन सरकारने ही यंत्रे सर्वांत कडक तपासणीच्या वर्गात घातली, आणि जुलै २०२४ पासून तशी नोंदणी असल्याखेरीज ती बनवायला आणि विकायला बंदी झाली. घरात दिवा असेल तर मुलांना त्याच्याकडे टक लावून पाहू देऊ नये.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने गरम होणारा कोणताही दिवा पायाजवळ घेऊ नये. भाजलेले त्याला कळत नाही. आणि अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे टोचलेले कळत नसेल, तर त्यावर लाल उजेड टाकत महिने घालवू नका. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि त्यावरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर त्या घ्याव्या लागतात.