ऑल्डरमॅस्टनचा मोर्चा आणि त्याचा माहितीपट

मोर्चा सरला की रस्त्यावर त्याची खूण राहत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र सांगते, इतके हजार होते. कोणी म्हणते, छे, एवढे कुठले! पण ती माणसे कोण होती, घरदार सोडून का निघाली, हे आकड्यात सापडायचे कसे?

1957 साली ब्रिटनने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बाँबच्या चाचण्या केल्या. पुढच्याच वर्षी, 4 एप्रिल 1958 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून काही हजार माणसे पायी निघाली. ब्रिटनच्या अण्वस्त्रांचे संशोधन ऑल्डरमॅस्टन गावी चाले. तिथवर जायचे होते. वाट 52 मैलांची, दिवस चार. वरून पाऊस, गारठा आणि बर्फही. रात्रीचा मुक्काम कुठे शाळेत, कुठे चर्चच्या सभागृहात.

त्यांच्याबरोबर चित्रपटधंद्यातली काही मंडळी कॅमेरे घेऊन चालत होती, तीही स्वखुशीने. त्यांनी टिपलेल्या चित्रणाची जुळणी करण्यात पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेला लिंडसे अँडरसन होता. निवेदनाला आवाज दिला नट रिचर्ड बर्टन याने. 1959 साली ‘मार्च टू ऑल्डरमॅस्टन’ हा 33 मिनिटांचा माहितीपट तयार झाला. श्रेय मात्र एका समितीच्या नावावर!

यात पुढाऱ्यांपेक्षा चालणारेच अधिक दिसतात. बाबागाडी ढकलणारे आईबाप, वाजंत्री वाजवणारी पोरे. आपण का आलो, हे ती माणसे साध्या शब्दांत सांगतात. हातातल्या फलकांवर एक नवे चिन्ह आहे. ते जेरल्ड होल्टम या चित्रकाराने काढले. बावट्यांनी संदेश देण्याच्या रीतीत दोन्ही हात तिरपे खाली धरले की ‘एन’ होतो. एक सरळ वर, दुसरा सरळ खाली धरला की ‘डी’. ‘न्यूक्लिअर डिसआर्ममेंट’, म्हणजे अण्वस्त्रांचा त्याग, याची ही आद्याक्षरे. दोन्ही एकावर एक ठेवून भोवती वर्तुळ काढले, की झाले चिन्ह! शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवावे, पोरांना लगेच उमजेल.

हा माहितीपट तटस्थ नाही, हेही वर्गात सांगावे. तो मोर्चेकऱ्यांच्या बाजूचा आहे आणि ते लपवीत नाही. बाँब राखण्यामागचा सरकारचा विचार समजून घ्यायचा तर दुसरीकडेच जावे लागेल. तरी, निघालेल्यांचे म्हणणे काय होते, याचा इतका जिवंत पुरावा कागदोपत्री मिळणे कठीण.

1959 च्या ईस्टरला मोर्चा पुन्हा निघाला, पण उलट वाटेने: ऑल्डरमॅस्टनहून लंडनकडे, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा.