स्पर्श पाठवायचा म्हणजे नक्की काय पाठवायचं?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'दूरच्या माणसाला स्पर्श पाठवण्याची सुरुवात २०१५ च्या ॲपल वॉचपासून झाली.' गाइड मॅडमनी त्याखाली रेघ मारून विचारलं, "आधीचं वाचलंस का?" वाचलं नव्हतं.

वाचायला बसलो तर थेट १९५७ पर्यंत मागे गेलो. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड यांनी छातीवर पाच ठिकाणी कंपनं देऊन चक्क एक लिपी बनवली होती. जागा पाच, तीव्रता तीन, कालावधी तीन. गुणाकार करा, ४५ खुणा. शिकलेला माणूस त्वचेवर इंग्रजी वाक्यं वाचायचा! पण हा स्पर्श म्हणजे तारखात्याची तारच झाली. समोरच्याचा हात त्यात कुठेच नाही.

हात आला १९८६ मध्ये, तोही कलावंतांमुळे. नॉर्मन व्हाइट आणि डग बॅक यांनी टोरांटो आणि पॅरिसमधल्या माणसांना टेलिफोनवरून पंजा लढवायला लावला. मग १९९७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये स्कॉट ब्रेव्ह आणि अँड्र्यू डाली यांचं 'इनटच' आलं. दोन्हीकडे तीन-तीन लाकडी रूळ. इकडचा फिरवला की तिकडचा फिरतो. तिकडच्यानं धरून ठेवला तर इकडेही अडतो. एकच लाटणं दोघांनी धरल्यासारखं. मला या इतिहासातली हीच सगळ्यात मोठी उडी वाटते. इथे पाठवणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, असं काही उरतच नाही.

मग हे खिशात का नाही आलं? बोटाला अडवायला जोरदार मोटर लागते, तिला वीज लागते. शिवाय उशीर. कंपन जरा उशिरा आलं तर चालतं. अडवणूक उशिरा आली तर रूळ ढिला लागतो, थरथरतो. म्हणून मोबाइलच्या वाटेवर कंपन जिंकलं. २००२ मध्ये अँजेला चँग आणि सहकाऱ्यांनी 'कॉमटच'मध्ये बोटांचा दाब कंपनात बदलला. चाचणीतल्या २४ जणांमधले काही बोलताना शब्दावर जोर द्यायला, 'आता मी बोलतो' सांगायला ते वापरू लागले. कोणी शिकवलं नव्हतं हं. आणि २०१५ चं घड्याळ? पडद्यावर दोन बोटं टेकवली की तुमचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर. छानच आहे, पण त्याला उलट रेटता येत नाही.

आता माझ्या वाक्यात 'काय सुरू झालं'च्या जागी 'काय सुटलं' आहे. मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. समासात फक्त 'मोजणार कसं?' लिहिलंय. सध्या तिथंच अडकलोय.