धुराला मज्जाव

बंदिस्त सार्वजनिक जागेत विडी-सिगारेट ओढण्यावर भारतात आज बंदी आहे. तिचे जुने रूप फार मवाळ होते. 1989 च्या रेल्वे कायद्यातील कलम 167 प्रमाणे डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली की धूम्रपान गुन्हा ठरे. दंड 100 रुपयांपर्यंत. म्हणजे तोंड उघडायचे ते त्रास होणाऱ्याने. अनोळखी माणसांच्या डब्यात एकट्या बाईने तसे बोलावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

धूम्रपान हा ओढणाऱ्याचा खासगी मामला आहे, या समजुतीला मोठा धक्का जपानमधून बसला. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहितांची 14 वर्षांची माहिती तपासून 1981 मध्ये दाखवले, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त.

भारतात दिल्लीने 1996 मध्ये आणि गोव्याने 1997 मध्ये धूम्रपानबंदीचे कायदे केले. गोव्याने त्यातच थुंकण्यालाही मनाई केली. देशव्यापी पाऊल मात्र न्यायालयातून पडले. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा आदेश दिला. आधार होता घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने ही बंदी पक्की केली. 200 रुपयांपर्यंत दंडासह ती 1 मे 2004 पासून लागू झाली.

खरा बदल 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी केला. खासगी कचेऱ्या, मॉलही बंदीखाली आले आणि जबाबदारी जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर टाकली गेली. दारात किमान 60 बाय 30 सेंटिमीटरची पांढरी पाटी हवी, तीवर लाल वर्तुळात काट मारलेली विडी किंवा सिगारेट; आत ॲश-ट्रे आणि काड्यापेटी ठेवायची नाही. सूट मिळाली ती विमानतळांना, 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि 30 किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना, तीही वेगळ्या खोलीपुरती: चारही भिंती छतापर्यंत, दार आपोआप मिटणारे, धूर थेट बाहेर टाकण्याची सोय.

याच सवलतीच्या आडोशाने हुक्का पार्लरे चालत राहिली. म्हणून 2017 मध्ये अशा खोलीत कोणतीही सेवा देण्यास केंद्राने मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात, हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे लागल्याचे तपासात म्हटलेल्या आगीत 14 जणांचा बळी गेला आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवरच बंदी घातली.