पावाचा तुकडा आणि चहाचा पेला

मुंबईत १८४९ साली काही सुशिक्षित तरुणांनी ‘परमहंस सभा’ नावाची एक गुप्त मंडळी स्थापन केली. मराठी भाषेचे व्याकरणकार म्हणून नावाजलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे प्रेरक होते आणि राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभेत प्रवेश घेणाऱ्याला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे आणि प्रतिज्ञा खरी, याची साक्ष म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला. आपल्या भट्टीतून निघालेला एक जिन्नस बंद दाराआड कोणाच्या तरी धैर्याची परीक्षा पाहतो आहे, याची त्या गरीब पाववाल्याला कल्पनाही नसावी.

पाव खाऊन झाला, प्रार्थना आटोपली, म्हणजे ही मंडळी आपापल्या घरी जात. घरी सोवळे होते, पंक्ती होत्या, श्राद्धपक्ष होते. ते सारे पूर्ववत चालू राही. सभासद पुरेसे वाढेपर्यंत गुप्तता पाळावी, असा या मंडळींचा विचार होता. आज त्यांना ढोंगी म्हणणे फार सोपे आहे. परंतु त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय, हे ध्यानात घेतल्यावाचून असा निवाडा देऊ नये. वाळीत पडलेल्या घरी भटजी येत नसे, कोणी जेवावयास बोलावीत नसे, मुलींना स्थळे मिळत नसत. तरुणाने केलेल्या धाडसाचे शासन त्याच्या म्हाताऱ्या आईला आणि उपवर बहिणीला भोगावे लागे. तरीही एक गोष्ट उरतेच. जे कृत्य उघडकीस येण्याची भीती असते, त्याने रूढीला धक्का बसत नाही. आपण फार निराळे आहोत एवढे समाधान मात्र करणाऱ्याला मिळते. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर पडणार अशी आवई उठली आणि सभा पाहता पाहता विस्कळीत झाली.

या सभेत वावरलेला एक तरुण मात्र निराळ्या वाटेने गेला. बाबा पदमनजी हे मूळचे बेळगावचे, जन्म १८३१ चा. मुंबईस शिकत असता ते परमहंस मंडळीत गेले. पुढे १८५४ साली बेळगावात, आपल्याच गावी, त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निर्णयाशी सहमत होणे न होणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची चलबिचल लपविलेली नाही. घरच्यांचे अश्रू, दिलेली आणि पुढे ढकललेली वचने, मनाची ओढाताण हे सारे त्यात आहे. आपण पहिल्या दिवसापासून शूर होतो असा आव त्यांनी आणला नाही, म्हणूनच ते पुस्तक अजून वाचवते.

१८६७ मध्ये प्रार्थनासमाज निघाला. त्याच्या संस्थापकांत दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते. ही सभा गुप्त नव्हती; दारे उघडी होती. मात्र जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून पाव खाण्याची अटही तेथे राहिली नाही. उघडपणा आला आणि अट गेली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

पुढच्या पिढीचे धुरीण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली, तेव्हा आता हे विधवेशी लग्न करून दाखवितील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचे लग्न लावून दिले आणि एकतिसाव्या वर्षी माधवरावांनी ते मान्य केले. टीका झाली, आणि ती अन्यायाची नव्हती. आता याच मुलीला त्यांनी शिकविले, आणि तीच पुढे रमाबाई रानडे म्हणून स्त्रियांच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली, हेही तितकेच खरे. पण एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

त्यानंतरचे प्रकरण चहाचे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास शहरातील नामांकित मंडळी गेली होती. रानडे होते, टिळक होते, तरुण गोपाळराव गोखले होते. व्याख्यानानंतर चहाबिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात घेऊन तसाच ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि गावात गहजब उडाला. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले. चार दशकांपूर्वी दाराआड खाल्लेल्या पावाचा हा उघड्यावरचा उत्तरार्ध म्हणावयास हरकत नाही; फरक एवढाच की, पाव निश्चयाने खाल्ला गेला होता आणि चहा केवळ भिडेखातर.

टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. सनातनी पक्षाचे त्यावरही समाधान झाले नाही. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांचा त्यांच्यावर रोष झाला. त्यांच्या पत्नीने आठवणींत या प्रसंगाची हकिगत दिली आहे. बहिष्कारामुळे ज्यांची घरे कष्टी झाली होती, त्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून रानडे त्यांच्याबरोबर उभे राहिले, असे त्यावरून दिसते. स्वतःपुरता बहिष्कार सोसण्याची त्यांची तयारी होती. अशा वेळी तत्त्व सोडले असे म्हणावे की मित्र सोडले नाहीत असे म्हणावे? दोन्ही म्हणता येते, आणि पुण्याने दोन्ही म्हटले.

अशा तडजोडींवर ज्यांनी आपल्या लेखणीने कोरडे ओढले ते गोपाळ गणेश आगरकर. ‘केसरी’चे संपादकत्व सोडून त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना दुर्लभ नव्हती. तिच्याकडे पाठ फिरवून शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनावर आणि दम्याशी झगडत त्यांनी आयुष्य काढले. विरोधकांनी तर ते जिवंत असता त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, वयाच्या चाळिशीच्याही आत, ते गेले.

‘बोलके सुधारक’ हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जाई. त्याला उत्तर धोंडो केशव कर्वे यांनी दिले, पण लेख लिहून नव्हे. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे विधवांसाठी आश्रम काढल्यावर मात्र या कर्त्या सुधारकानेही आपले पाऊल जपून टाकले. मुली घरातून आश्रमात याव्यात, देणगीदार बिथरू नयेत, म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून त्यांनी दूर ठेवला. त्यांना कोणी बोलके म्हणू शकत नव्हते, म्हणून सावध म्हटले.

आणि त्यांचेच पुत्र रघुनाथराव यांना ती सावधगिरी कधी जमली नाही. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे १९२५ मध्ये त्यांना गणिताचे अध्यापकपद सोडावे लागले. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांची मते अनेक श्रद्धाळू घरांत, ख्रिस्ती घरांतही, आजदेखील पटणार नाहीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचा बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १९५३ मध्ये रघुनाथराव वारले आणि मासिक बंद पडले. पाच वर्षांनी, शंभराव्या वर्षी, त्यांच्या वडिलांना भारतरत्न मिळाले.