देहाचे घड्याळ आणि मनाची रात्र

निरोगी देहाचे तापमान पहाटे उतरते, सायंकाळी चढते, हे लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी 1868 साली हजारो रुग्णांच्या नोंदींतून मांडले. ही लय सूर्याची की देहाची? 1960 च्या दशकात जर्मनीत युर्गेन आशॉफ यांनी, पुढे मदुराईत एम. के. चंद्रशेखरन यांनी माणसांना दिवसरात्रीपासून तोडून एकांतात ठेवले; लय टिकली. घड्याळ देहातच होते. 1982 मध्ये डेव्हिड एव्हरी व सहकाऱ्यांना नैराश्यग्रस्तांचे रात्रीचे तापमान चढे आढळले. आजार ओसरल्यावर ते खाली आले. हे कारण की परिणाम, याचा निवाडा अद्याप व्हायचा आहे. मात्र रात्र जागून काढणाऱ्या रुग्णाला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगणाऱ्यांनी ज्वरमापकाची ही साक्ष ध्यानात ठेवावी.